‘लो’ केलेल्या गाडीचे टायर आतून का जातात? हौस वरून दिसते, बिल खालून येतं

बीड : २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि छोट्या गाड्यांवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. गाडीच्या टायरवरचा करही २८ वरून १८ झाला. ट्रॅक्टरच्या मागच्या टायर-ट्यूबवरचा तर १८ वरून थेट ५ टक्क्यांवर आला. मोठ्या शहरातल्या माणसाला ही बातमी चार ओळींची. पण आपल्याकडं, जिथं दवाखाना, लग्न, बाजार, कारखाना, कोर्ट सगळं चाकावरच अवलंबून आहे, तिथं ही बातमी घराघरात पोहोचली. दसरा-दिवाळीला ज्याचं त्याचं बजेट जुळलं त्यानं गाडी दारात आणली.

गाडी आली की पोरांची हौस सुरू होते. आधी मॅगव्हील, मग रुंद टायर, मग म्यूझिक आणि शेवटी गाडी ‘लो’ करायची, म्हणजे खाली बसवायची. चाक आणि मडगार्डमधली फट दिसली नाही पाहिजे, गाडी रस्त्याला चिकटून चालली पाहिजे, हा सगळा नाद मोबाईलवरच्या रील बघून लागलेला आहे. नाद वाईट असं म्हणायचं कारण नाही. पूर्वी लोक बैलाच्या शिंगाला रंग लावून, झूल घालून मिरवायचेच की. पण झूल घातल्यानं बैलाचा पाय वाकडा होत नव्हता. गाडी खाली बसवली की तिच्या चाकांचे कोन बदलतात, आणि तिथून पुढं टायर आतल्या बाजूनं खायला लागतो. बाहेरून बघितलं तर नक्षी चांगली असते. आतून मात्र तार दिसायला आलेली असते. टायरच्या दुकानात गाडी वर घेतल्यावर हे कळतं, नाहीतर रस्त्यावर कळतं.

हा विषय फक्त हौशी पोरांचा नाही. त्याच गाडीत आई-वडील बसतात, लेकरं शाळेत जातात, आजारी माणूस अंबाजोगाईला न्यावा लागतो. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

चाकाचे दोन कोन समजून घ्या

अलाइनमेंट म्हणजे चाकं कोणत्या कोनात उभी आहेत आणि कोणत्या दिशेला बघतात, ते मोजून नीट करणं. त्यात मुख्य दोन गोष्टी.

पहिली कॅम्बर. गाडीच्या पुढं उभं राहून बघितलं तर चाक सरळ उभं आहे की झुकलेलं आहे, ते म्हणजे कॅम्बर. चाकाचं डोकं आत आणि पाय बाहेर असेल तर त्याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. लो केलेली गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसते ती यामुळंच. कारण गाडी खाली बसली की चाकाला धरणारा लोअर आर्म वरच्या बाजूला कलतो, आणि चाकाचं डोकं आत ओढलं जातं. एक अंश म्हणजे फार काही नाही असं वाटतं. पण १८ सेंटिमीटर रुंदीच्या टायरला एक अंश कलवलं तर आतल्या आणि बाहेरच्या कडेत तीन मिलिमीटरचा फरक पडतो. टायर रबराचा आहे, तो दबून रस्त्याला टेकतो, पण वजनाचा जास्त भार आतल्या कडेवर जातो.

दुसरी टो. ही वरून बघायची गोष्ट. दोन्ही पुढची चाकं सरळ समोर बघतात, की थोडी एकमेकांकडं तोंड करून आहेत, की बाहेर तोंड करून आहेत? आत तोंड म्हणजे टो-इन, बाहेर तोंड म्हणजे टो-आउट. गाडी खाली बसली की स्टेअरिंगच्या टाय रॉडचाही कोन बदलतो आणि टो बिघडतो. कोणत्या गाडीत तो आत जातो, कोणत्या गाडीत बाहेर, हे त्या गाडीच्या बनावटीवर आहे. पण बिघडतो हे नक्की.

आता लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट. टायरचा खरा शत्रू कॅम्बरपेक्षा टो आहे. नुसता थोडा निगेटिव्ह कॅम्बर असेल तर टायर हळूहळू आतून झिजतो. पण त्यात टो बिघडलेला असेल तर टायर झिजत नाही, अक्षरशः खरवडला जातो. नांगराचा फाळ तिरका लागला तर ट्रॅक्टर ओढून दमतो आणि तासही वाकडं येतं, तसंच हे. चाक पुढं चाललंय, पण त्याचं तोंड दुसरीकडं आहे. मग ते रस्त्यावर थोडं फिरतं आणि थोडं घासत सरकतं.

पाव अंशाचा हिशेब

किती घासतं? हिशेब घरी करून बघता येईल असा आहे. समजा एक चाक फक्त पाव अंशानं तिरकं आहे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाला पाव अंश म्हणजे पुढच्या आणि मागच्या कडेत अडीच मिलिमीटरचा फरक. डोळ्याला दिसणार नाही. पण असं चाक एक किलोमीटर चाललं की साधारण साडेचार मीटर आडवं घासलं जातं. बीडहून पुण्याला एकदा जायचं म्हणजे सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. तेवढ्यात तो टायर जवळपास एक किलोमीटर आडवा फरफटत गेला. महिन्यात चार फेऱ्या झाल्या, येणं-जाणं धरलं, तर आठ किलोमीटर आडवं घासणं. मग रबर राहील कसं?

ओळखायचं कसं? गाडी थंड असताना टायरच्या नक्षीवर आडवा हात फिरवा. आतून बाहेर फिरवताना गुळगुळीत लागतं आणि बाहेरून आत आणताना करवतीसारखं लागतं, किंवा याच्या उलट, तर टो बिघडलेला आहे. यासाठी मशीन लागत नाही, तळहात पुरतो.

स्प्रिंग कापली म्हणजे काय केलं?

गाडी खाली बसवायचे दोन-तीन मार्ग आहेत. महागडा मार्ग म्हणजे त्या गाडीसाठी मोजून बनवलेल्या छोट्या स्प्रिंगा आणि त्याला जुळणारे शॉकअप घालणं. स्वस्तातला मार्ग म्हणजे आहे त्याच स्प्रिंगेचा एक वेढा ग्राइंडरनं कापून टाकणं. त्याहून वाईट मार्ग म्हणजे गॅसच्या ज्योतीनं स्प्रिंग तापवून ती खाली बसवणं.

वेढा कापल्यावर स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ती कडकही होते. सहा वेढ्यांची स्प्रिंग पाच वेढ्यांची केली तर ती साधारण २० टक्के कडक होते. आणि कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. गाडी खड्ड्यात जाऊन वर उसळली की स्प्रिंग जागेवरून हलू शकते. शॉकअपची दांडी आधीच अर्धी आत गेलेली असल्यानं त्याला खाली जायला जागा उरत नाही. तो रबराच्या गुटक्यावर आपटत राहतो, तेल सोडतो आणि मरतो. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर टेकून न चालता टपटप उड्या मारत चालतं आणि टायरवर ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडतात.

तापवलेल्या स्प्रिंगेचं तर बोलायलाच नको. गावातल्या लोहाराला विचारा. विळ्याला, कुऱ्हाडीला पाणी दिलेलं असतं म्हणून धार टिकते. तोच विळा चुलीत पडला की पाणी उतरतं आणि तो मऊ पडतो. स्प्रिंगेच्या पोलादाचंही तसंच आहे. कारखान्यात तिला मोजून तापवून, मोजून थंड केलेलं असतं. गॅसनं तापवली की एका जागी तिचं पाणी उतरतं. मग ती कधी बसेल आणि कधी तुटेल याचा भरवसा नाही.

उंच केलेल्या गाड्यांनाही हेच लागू आहे. बऱ्याच जणांना जीपसारख्या मोठ्या गाड्या वर उचलून मोठे टायर घालायची आवड आहे. तिथं कोन उलट्या दिशेला जातात एवढाच फरक. मोजमाप नाही केलं तर टायर तिथंही जातो.

रील गुळगुळीत रस्त्यावरची, गाडी आपल्या रस्त्यावर

लो गाडीचे व्हिडिओ बघा. रस्ता आरशासारखा असतो. आपल्याकडं धुळे-सोलापूर महामार्गावर पाडळसिंगीच्या टोलनाक्याच्या आसपास गाडी पळवली तर तसंच वाटतं. पण महामार्ग सोडून गावाकडं वळलं की खरी परीक्षा सुरू होते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत शिरूर कासार, आष्टी, गेवराई भागात नद्यांनी पूल आणि रस्ते धुऊन नेले. बऱ्याच ठिकाणी डांबराची कड तुटून साइडपट्टी आणि रस्ता यात वीतभर फरक पडतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या घेऊन आला की आपल्याला चाक खाली उतरवावंच लागतं. एकेक वेळा असं चाक खाली-वर आपटलं की नीट असलेलं अलाइनमेंटही बिघडतं. लो गाडीला तर तो धक्का मुरवायला जागाच नसते. सगळा मार बुश, बॉल जॉइंट, मॅगव्हील आणि टायरच्या भिंतीवर.

त्यात गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणं गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर असावी, म्हणजे गाडी सावकाश चढून सावकाश उतरेल. आपल्या गावागावांत लोकांनी मुरूम-सिमेंट टाकून केलेले गतिरोधक बघा. उंची जास्त, रुंदी दीड-दोन फूट, उभी भिंतच. साध्या छोट्या गाडीचं पोट जमिनीपासून सोळा-सतरा सेंटिमीटर वर असतं. पाच सेंटिमीटर खाली बसवली की राहिले अकरा-बारा. पाच माणसं आणि डिक्कीत सामान भरलं की आणखी कमी. मग चेंबर फुटतो. ऑइल गळून जातं, दिवा लागलेला लक्षात येत नाही आणि इंजिन जाम होतं. टायरच्या नादात इंजिनाचं बिल येतं ते असं.

आणखी एक गोष्ट. अलाइनमेंट रिकाम्या गाडीचं करतात. लग्नसराईत त्याच गाडीत सात जण बसतात. गाडी आणखी खाली जाते, कोन आणखी बदलतात. धारूरचा घाट किंवा मांजरसुंब्याचा घाट अशा भरलेल्या गाडीनं उतरताना वळणावर सगळा भार ज्या कडेवर येतो, तीच कड आधीच खाल्लेली असते.

‘अलाइनमेंट केलं तरी टायर जातोच’ ही तक्रार का येते?

ही तक्रार बऱ्याच जणांची असते, आणि तिच्यात तथ्य आहे. याचं कारण टायरवाल्याची लबाडी असेलच असं नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना फक्त टो फिरवायची सोय कंपनीनं दिलेली असते. टाय रॉडचा नट सैल करायचा, रॉड फिरवायचा, टो जागेवर. कॅम्बर फिरवायला नटच नसतो. मागच्या बाजूला या गाड्यांना एक सलग बीम असतो, तिथं तर टोही सहजासहजी फिरत नाही. कंपनीनं तसं ठेवलंय, कारण गाडी मूळ उंचीवर असेल तर त्याची गरज फारशी पडत नाही.

आता गाडी लो केली. मशीनवर लावली. पडद्यावर टो लाल, कॅम्बर लाल. कामगारानं टो फिरवून हिरवा केला, पैसे घेतले, गाडी सोडली. कॅम्बर लालच राहिला. गिऱ्हाईक पडदा बघत नाही, कागद मागत नाही. सहा महिन्यांनी आतली कड गेली की दुकानदाराला शिव्या. खरं तर अशा गाडीला कॅम्बरसाठी वेगळे बोल्ट किंवा वरच्या बाजूला सरकवता येणाऱ्या प्लेटा घालाव्या लागतात, मागं बीमला पातळ तुकडे द्यावे लागतात. हे काम करणारे कारागीर आणि मोजणारी चांगली मशीन प्रत्येक तालुक्याच्या गावात मिळत नाहीत.

दुसरं कारण, बुश आणि बॉल जॉइंट ढिले असताना अलाइनमेंट केलं तर ते पन्नास किलोमीटरही टिकत नाही. खुंटा ढिला असेल तर दावं कितीही नीट बांधा, जनावर सुटणारच. आधी ढिले पार्ट बदलायचे, चारही टायरची हवा सारखी करायची, मग मशीनवर चढवायची. हा क्रम उलटा झाला की पैसे पाण्यात.

सरकारनं सोडलेला कर, टायरनं वसूल केला

पैशाचं साधं गणित मांडू. समजा एका टायरची करापूर्वीची किंमत ४,००० रुपये आहे. २८ टक्के करानं तो ५,१२० ला पडायचा. १८ टक्क्यांनं ४,७२० ला पडतो. वाचले ४०० रुपये.

आता हा टायर नीट चालला तर समजा ४० हजार किलोमीटर जातो. म्हणजे किलोमीटरला साधारण १२ पैसे. तोच टायर आतून खाल्ला आणि १२ हजार किलोमीटरला बदलावा लागला तर किलोमीटरला ३९ पैसे. पुढचे दोन टायर धरले तर ४० हजार किलोमीटरच्या हिशेबात दोन टायरऐवजी सहा-सात टायर लागले. वरचे चार टायर म्हणजे जवळजवळ १९ हजार रुपये. चारशे रुपये वाचवून एकोणीस हजार घालवले. ज्या घरात सोयाबीन-कापसाच्या भावावर वर्षाचा हिशेब ठरतो, तिथं एकोणीस हजार ही रक्कम छोटी नाही.

वरची किंमत आणि किलोमीटर समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या टायरची पावती काढा, मीटर बघा आणि तुमचे आकडे घालून हाच हिशेब करा.

जिवाचा प्रश्न

पैसा गेला तर परत येतो. पण आतून गेलेल्या टायरचा धोका वेगळा आहे. आतल्या कडेचं रबर संपलं की आतल्या तारांच्या पट्ट्या उघड्या पडतात. त्यात पाणी जातं, गंज चढतो, पट्टी सुटायला लागते. उन्हाळ्यात आपल्याकडं पारा चाळिशीच्या पुढं असतो, सिमेंटचा रस्ता तापलेला, गाडी शंभरच्या वर. कमी हवेचा किंवा आतून गेलेला टायर अशा वेळी साथ सोडतो. पावसाळ्यात उलट. नक्षी नसली की पाणी बाहेर फेकलं जात नाही, चाक पाण्यावर तरंगतं, ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्ही रिकामे वाटतात.

अपघात झाला की पहिली बातमी येते, ‘टायर फुटल्यामुळं अपघात’. आम्हा वार्ताहरांनाही घटनास्थळी पहिलं हेच ऐकायला मिळतं. हे वाक्य जपून घ्यायला पाहिजे. १ जुलै २०२३ ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजा तालुक्यात खासगी बस पेटून २५ जणांचा जीव गेला. तेव्हाही चालकानं आधी टायर फुटल्याचं सांगितलं होतं, नंतर परिवहन विभागाच्या तपासणीत टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही असं समोर आलं. म्हणजे टायर हा सोपा आरोपी आहे. आणि जिथं खरोखर टायर फुटतो, तिथंही तो आपोआप फुटत नाही. आधी महिनाभर तो कडेनं, चट्ट्यांनी, आवाजानं सांगत असतो. ‘दैवानं घात केला’ म्हणायच्या आधी कोन कोणी बिघडवला हे विचारायला पाहिजे.

त्याच समृद्धीवर २०२३ मध्ये परिवहन विभागानं गाड्यांचे टायर तपासून, घासलेल्या टायरच्या गाड्या माघारी पाठवायला सुरुवात केली होती. आपल्या जिल्ह्यातून समृद्धी जात नाही, पण जालन्याहून आपली माणसं तिथं चढतात. तिथं गाडी अडवली की वाद घालण्यापेक्षा टायर बघा. अडवणाऱ्यानं कदाचित तुमचा जीव वाचवलेला असेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हीच गोष्ट स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-ए मध्ये परवानगी नसलेले पार्ट बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सीएनजी किट बसवायला चालतं, पण मान्यताप्राप्त ठिकाणी आणि आरसी बुकात नोंद करून. कापलेल्या स्प्रिंगेची कुठं नोंद होणार?

टायरच्या नक्षीची खोलीही कायद्यात आहे. चारचाकीला कमीत कमी १.६ मिलिमीटर पाहिजे. आणि ती बाहेरून दिसणाऱ्या कडेलाच नाही, आतही पाहिजे.

विम्याचा मुद्दा लोक विसरतात. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवला नसेल तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या दाव्यावर कंपनी बोट ठेवू शकते. नव्या गाडीच्या वॉरंटीचंही तसंच. स्प्रिंग कापलेली दिसली की शॉकअप आणि स्टेअरिंगच्या तक्रारीवर शोरूम हात वर करतं.

पुण्या-मुंबईची सेकंड हँड गाडी घेताना

आपल्या गावागावांत एमएच-१२ आणि एमएच-१४ नंबरच्या गाड्या दिसतात. शहरात कोणीतरी हौसेनं वापरलेली गाडी इकडं स्वस्तात येते. लो केलेली गाडी विकताना काही जण जुन्या स्प्रिंगा परत बसवतात, काही जण बसवत नाहीत. घेण्याआधी एवढं बघा :

– चाकाच्या मधोमध बिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं चारही बाजूंचं माप घ्या. डावी-उजवी सारखी पाहिजे. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून बघा.
– स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, मोबाईलची बॅटरी लावा आणि पुढच्या टायरची आतली कड बघा. मग दुसऱ्या बाजूला वळवून दुसरा टायर.
– स्प्रिंगेचं टोक बघा. ग्राइंडरनं कापल्याची सपाट, रंग नसलेली कड दिसली किंवा जाळल्याचा निळा-काळा डाग दिसला तर सौदा थांबवा.
– मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टेअरिंग हलकं सोडून बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा सरळ चालताना स्टेअरिंग वाकडं राहत असेल तर कारण विचारा.
– चार टायर चार कंपन्यांचे आणि नवेकोरे असतील तर जुने का काढले ते विचारा. नवा टायर जुना आजार झाकतो.

घरच्या गाडीचे टायर काय सांगतात?

टायर वाचता येतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मधली नक्षी चांगली, तर हवा कमी ठेवली जाते. मधली नक्षी गेली आणि कडा चांगल्या, तर हवा जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट. ठिकठिकाणी चट्टे, तर शॉकअप, बुश किंवा बॅलन्सिंग. नक्षीच्या खोबणीत आडवी काडी घालून बघा. आगकाडी साधारण दोन मिलिमीटर जाड असते. ती पूर्ण आत बसत नसेल तर टायरचं आयुष्य संपलं. हे आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला, तीन ठिकाणी करा.

टायरच्या भिंतीवरचे आकडेही बघा. १८५/६५ आर १५ नंतर ८८ असा आकडा असेल तर तो एका टायरची वजन पेलायची ताकद सांगतो. ८८ म्हणजे ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५ किलो. शोभेसाठी पातळ भिंतीचा टायर घालताना हा आकडा कमी झाला तर चार टायरमागं ३४० किलोची ताकद गेली. भरलेल्या गाडीला ती कुठून आणणार?

आणि रबर चढवलेले रिमोल्ड टायर कारच्या पुढच्या चाकांना घालू नका.

ज्याला करायचंच आहे त्यानं

सांगून ऐकणार नाहीत अशी पोरं आहेत, त्यांनी निदान एवढं पाळावं. स्प्रिंग कापू नका, तापवू तर अजिबात नका. काम झाल्यावर लगेच चारही चाकांचं अलाइनमेंट करा आणि पंधरा दिवसांनी स्प्रिंगा बसल्यावर पुन्हा करा. आधीचा आणि नंतरचा छापील कागद मागा. त्यात फक्त टो नाही, कॅम्बरही हिरवा आहे का ते बघा. कॅम्बर लाल असेल आणि फिरवायची सोय नसेल तर गाडी तेवढी वर घ्या, दुसरा उपाय नाही. दर पाच हजार किलोमीटरला आतली कड तपासा. आणि त्या गाडीत लग्नाचं वऱ्हाड भरू नका.

ज्यानं लो केलेली नाही, त्यालाही खराब रस्त्यामुळं हा त्रास होतोच. एखादा मोठा खड्डा जोरात बसला, गाडी ओढायला लागली, तर टायर खायची वाट न बघता अलाइनमेंट करा. अलाइनमेंटचा खर्च एका टायरच्या मानानं फार थोडा असतो.

सगळं पोरांवर ढकलून चालणार नाही

हौसेला आळा घालायचा म्हणून चौकात उभं राहून पाच हजाराची पावती फाडणं सोपं आहे. पण टायर फक्त लो गाडीचे जात नाहीत. कड तुटलेला रस्ता, मनमानी गतिरोधक, अतिवृष्टीनंतर तात्पुरता मुरूम टाकून सोडलेले पूल यांनी सरळ चालणाऱ्या माणसाच्या गाडीचे कोनही बिघडतात. जिल्हा परिषद आणि सार्वजनिक बांधकाम विभागानं गावांतले गतिरोधक मानकात आणले आणि साइडपट्ट्या भरल्या तर हजारो टायर वाचतील. ग्रामपंचायतीनंही ठराव करून आपल्या हद्दीतले उभे गतिरोधक काढायला लावले पाहिजेत, कारण ते बहुतेक आपणच घातलेले आहेत. बीड आणि अंबाजोगाईच्या परिवहन कार्यालयांनी रस्ता सुरक्षा कार्यक्रमात हेल्मेट-सीटबेल्टबरोबर टायरची आतली कड बघायला शिकवली तर दंडापेक्षा जास्त उपयोग होईल.

तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं करू. आज संध्याकाळी गाडी लावताना स्टेअरिंग पूर्ण वळवून ठेवा आणि मोबाईलच्या उजेडात टायरची आतली कड बघा. दोन मिनिटांचं काम आहे. शेजाऱ्याच्या गाडीचीही बघा, त्यालाही दाखवा.